मैना थांबली, मी गेली

मोठे भाऊजी, तुमचा पाय रिकिबीत अडकला आहे अन् डोस्कं खाली मुरमावर आहे अन् तुमची मैना घोडी हलून नाही राहिली. मी दारात उभी आहे, पोट्टी कमरेवर आहे, हातातली कढई कधी पडली मले मालूम नाही. मी ओरडली. अन् ओरडून तरी कोण येणार, आजूबाजूच्या झोपड्या खाली, सगळ्या बाया टोपले उचलाले, रेजाच्या कामावर, आमचे हे लोखंडाच्या कारखान्यात, पाळी सुटाले अजून लय वेळ. तेवढ्यात तिकडे खोदकामात सुरुंग उडाला. जमीन हालली. मी डोळे मिटून घेतले, कावून की आता मैना बिचकन, पळन, तुमाले ओढत नेईन नाल्याच्या दगडाईवरून. उघडले त मैना तिथंच. कान मागं, तुमच्याकडे. पाठीवर कोणी नाही, बसणारा खाली लटकून आहे, तरी हे जनावर वाट पाहून राहिलं की बसणारा काय सांगते.

अन् मी पण तिथंच. माहे पाय उचलत नव्हते. भेव त होतंच, पण भेवानंच नाही. तुमी माहे भासरे. ह्याईचे थोरले भाऊ. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर पदर सरकू देत नाही, त्याची सावली अंगावर पडली तरी आंघोळ करा म्हणते. लग्न होऊन आली तवापासून मी तुमचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. तुमचे पाय वळखत होती, वहाणा वळखत होती, खोकला वळखत होती. अन् आता तोच पाय धरून सोडवाचा होता.

सोडवला. पोट्टीले खाली बसवलं, पदर कुठी गेला पाहिलं नाही, अन् दोन्ही हातानं तुमचा घोटा धरला.

पुढचं सांगते. पण पहिले दुसरं सांगू द्या, नाही त माहा जीव इथंच अडकून राहीन.

मास्तरीणबाई म्हणाल्या, महिला मंडळाचा गणपतीचा अंक निघून राहिला, हातानं लिहिलेला, त्यात भाऊजींवर लिही. मी म्हटलं मी चौथी शिकलेली, काय लिहू. त्या म्हणाल्या, जसं बोलतेस तसं. तुमचं गाव, तुमचा जल्म, मालगुजाराकडची नोकरी, ते ह्याईले विचारून दुसरं कोणी लिहीन. मी त बोलणार आहे. आजवर कधी बोलली नाही न तुमच्याशी, आता तुमी नाही त बोलता येते. अशी आपली रीत.

तसं पाहिलं त आपण लय बोललो. फक्त मधात मैना होती.

मी नवी होती तवाची गोष्ट. तुमी जेवून उठले, बाहेर मैनाले खरारा करत बसले अन् तिले म्हटलं, "मैना, आज भाजीत मीठ दोनदा पडलं वाटते." मी बांबूच्या तट्ट्याच्या भिंतीआड होती. मले इतकी लाज वाटली, अन् रागही आला. दुसऱ्या दिवशी मैनाले कोंडा टाकाले गेली तवा तुमी तिकडे तोंड करून नाल ठोकत होते. मी तिच्या कानापाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "मैना, मीठ एकदाच टाकलं होतं. वांगेच खारे असतीन."

तुमी हसले. हातोडी बोटावर पडली तरी हसत होते.

मंग तेच सुरू झालं. घरात गूळ संपला, मैनाले सांगाचं. हे रागावून गेले, मैनाले सांगाचं. पोट्टी झाली तवा तुमी अंगणातून मैनाले विचारलं, "मैना, लेकरू साजरं आहे का? रडते त चांगलं खणखणीत." मी आतून बाजेवरून म्हटलं, "मैना, काळं आहे पण साजरं आहे." शेजारची फुलबासन पोट धरून हसे. म्हणे, "तुंहर घर म घोड़ी ह सबले जादा गोठियाथे ओ." खरंच होतं, आमच्या घरात घोडीच सगळ्यात जास्त बोलत होती.

अन् तिचं शिकणंही मी तसंच ऐकलं. तुमी तिले ठेकेदारासाठी मालगुजाराकडून आणली तवा तिच्या पाठीवर खोगीर पडलं की पळे. पाय रिकिबीत गेला न गेला की निघे. ठेकेदाराचा ओव्हरसियर तिच्यावर बसून चिखलात फिरणार होता, तिथं जीप फसे. तुमी म्हणाले, आधी थांबणं शिकन, मंग दुसरं. आमच्या दारापुढे सेक्टर दहाचा रस्ता होणार म्हणून चुन्याची रेघ मारलेली होती. मैनाचे पुढचे पाय त्या रेघेवर. तुमी बसाचे. ती निघाली की काही बोलाचं नाही, माराचं नाही, फिरवून आणाचं अन् पुन्हा रेघेवर. पुन्हा बसाचे. पुन्हा निघाली, पुन्हा रेघेवर. मी भांडे घासत पाहत होती, मले वाटे हा माणूस येडा झाला, ह्याले चाबूक नाही का घावत.

अन् तुमी तिले समजावत होते, पण मोठ्यानं, जसं काही तट्ट्याच्या आतही कोणी शिकून राहिलं. "पाहा मैना. बसणारा बसन, हालन, लगाम गोळा करन, रूमालानं तोंड पुसन, बिडी पेटवन. ते काही इशारे नाहीत. उभं राहाचं. तो श्वास सोडन, लगाम उलशी ढिली होईन, दोन्ही मांड्या बाजूनं दाबतीन, तवा निघाचं. तोंडानं कितीही चल चल म्हणो. टाच मारो. नाही निघाचं."

मंग एका दिवशी ती उभी राहिली. मान खाली टाकली, फुर्रकन श्वास सोडला, अन् एक कान तुमच्याकडे वळवला. तुमी किती वेळ तसेच बसून राहिले तिच्यावर. चालवलीच नाही. उतरले अन् गूळ दिला. मले समजलं नाही तवा, की चालली नाही त गूळ कावून.

ह्याईची मजा तर तुमाले आठवत असन. रविवारी म्हणाले, दादा मी बसतो. बसले ऐटीत. "चाल मैना!" मैना उभी. टाच मारली. मैना उभी. लगाम झटकली, मैनानं नुसतं शेपटीनं माशी हाकलली. फुलबासनचं अख्खं घर बाहेर आलं पाहाले.

हे म्हणाले, "दादा, हे घोडी आहे का कुर्सी?"

तुमी म्हणाले, "कुर्सीवर तरी बसता येते का तुले नीट? माकडावानी वाकला. श्वास सोड."

"श्वास सोडल्यानं घोडी चालते?"

"तू पहिले सोड त."

ह्याईनं सोडला, मांड्या कशातरी दाबल्या, अन् मैना अशी निघाली की हे मागं कलले अन् खोगीर धरून "दादा, दादा" ओरडत नाल्यापर्यंत गेले. मी आत तोंडात पदर कोंबून हसली. तुमी बाहेरून म्हणाले, "मैना, कोणी हसून राहिलं वाटते." असं हसणं आता या घरात होईन का, मले मालूम नाही.

आपलं एक भांडण झालं होतं. तेही मैनामार्फतच. ओव्हरसियर चहा पीत होता अन् मैना भर उन्हात त्याच्यासाठी उभी, तुमी शिकवलं तशी. मले कसंतरी झालं. मी तिच्यापुढे बादली ठेवली अन् म्हटलं, "मैना, तुले राग नाही येत का बाई? तो सावलीत बसला अन् तू त्याच्या इशाऱ्याची वाट पाहत उन्हात. भेवानं उभी राहतेस न?"

 संध्याकाळी खरारा करताना तुमी म्हटलं, "मैना, तुले भेव असतं त तू थांबली नसती. भेलेलं जनावर पळते."

मी चूल फुंकत होती. मी म्हटलं, "अन् बांधलेलं असलं त? बांधलेलं भेलं तरी थांबतेच न, मैना."

माहं मलेच भेव वाटलं, की हे मी काय बोलली, अन् कोणाबद्दल बोलली. तुमी खरारा ठेवून उठले. मले वाटलं रागावले. पण दुसऱ्या दिवशी पाहते त तुमी मैनाचा दोर सोडला. खुंटाच उपटून टाकला अंगणातला. लगाम नुसती जमिनीवर टाकली अन् तिले तसंच मोकळं उभं राहणं शिकवाले लागले. बिना बांधता. सुरुंग उडे, डंपर जात, रशियन साहेबाची मोटर भोंगा वाजवे, अन् ती मोकळी उभी. असं उत्तर मले आयुष्यात कोणी दिलं नव्हतं भाऊजी. मी बोलली अन् कोणी खुंटा उपटला.

मंग मी हावरी झाली. अजून एक विचारलं. "मैना, अन् इशारा दिलाच नाही कोणी त? कधीच? तरी उभीच राहशील?" तुमी बिडी विझवली. म्हणाले, "मैना, हे कठीण विचारलं. विचार करून सांगतो." ते सांगणं राहिलं.

अन् हेही सांगते, की छातीचं दुखणं तुमी मैनालेच सांगतलं. "मैना, आज छातीत दगड ठेवल्यावानी होऊन राहिलं." मी ऐकलं न. मी लगेच ओवा-मीठ भाजून वाटीत टाकून तिच्या कोंड्याच्या कुंडीपाशी ठेवलं अन् म्हटलं, "मैना, ओवा खाऊन घे." तुमी खाल्ला. चार-आठ दिवसानं पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा ओवा ठेवला. मी म्हटलं, "मैना, दवाखान्यात जाऊन ये एकदा," तुमी म्हणाले, "मैनाले कोण घेते दवाखान्यात." अन् आपण हसलो. आता, मैनाच्या तोंडून किती जोर देता येते सांगा. बायको असती त हात धरून नेलं असतं तुमाले, बहीण असती त रडली असती. मले ओवाच ठेवता येत होता. रात्री ह्याईले सांगतलं, ह्याईनं तुमाले विचारलं, तुमी म्हणाले काही नाही, वायू आहे. झालं.

आता ते सांगते.

घोटा सोडवला अन् तुमाले बगलेत धरून तट्ट्याच्या सावलीत ओढलं. इतके जड होते तुमी. तोंड पाहिलं मी तुमचं, पहिल्यांदा. डाव्या भुवईवर जुना वण होता, तो मले मालूमच नव्हता. तोंड घामानं भिजलेलं, ओठ काळेनिळे. तुमी डोळे उघडले अन् म्हटलं, "बाई, पाणी. जाऊ नोको कोठी."

मी मागं वळून पाहिलं मैना कुठी आहे. मले वाटलं तिलेच म्हणून राहिले. मैना दूर होती. तुमी माह्याकडेच पाहत होते. मले म्हटलं होतं. इतक्या वर्षात पहिल्यांदा मले, माह्याशी, अन् म्हटलं जाऊ नोको.

मले माहे बाबा दिसले. ते असेच गेले, वावरातून आणलं घरी, असाच घाम, असाच हात छातीवर. घरभर माणसं बसली होती. कोणी पाणी पाजे, कोणी वारा घाले, कोणी पाय चोळे. सगळे जवळ होते, अन् वैद्याकडे कोणी गेलं नाही. मी परकर घालत होती तवा, दाराशी उभी होती, अन् मले वाटत होतं की कोणीतरी जा न, कोणीतरी पळा न. कोणी पळालं नाही.

म्हणून मी उठली. माठ आत होता, चुलीपल्याड. मी आत नाही गेली. मले वाटलं पाणी आणण्यात जाणारा वेळ वाचवावा. पोट्टीले तुमच्या कुशीपाशी बसवलं. तुमी एकटे राहू नये म्हणून बसवलं का घोडीवर तिले नेता येत नव्हती म्हणून, मले अजूनही सांगता येत नाही. पाण्याच्या रिकाम्या ड्रमावर चढली अन् तिथून मैनावर. आयुष्यात घोडीवर बसली नव्हती. लुगड्याचा काष्टा होता म्हणून बसता आलं.

"चाल मैना! चाल न वं बाई!" मी ओरडली. टाचा मारल्या. मैना उभी. मी रडून राहिली, लगाम ओढून राहिली, शिव्या देऊन राहिली, अन् मैना उभी, जशी तुमी शिकवली. तुमी खालून पाहत होते. डोळे उघडे होते. मंग मले तुमचा आवाज आठवला, तट्ट्यातून येणारा. मी श्वास सोडला. सुटत नव्हता, भेवानं छातीतच गच्च बसला होता, तरी सोडला. लगाम ढिली केली. मांड्या दाबल्या. मैनाचा कान माह्याकडे वळला अन् ती निघाली. तुमी शिकवलेली घोडी तुमच्या डोळ्यासमोरून तुमाले सोडून निघाली, अन् वर मी बसली होती.

कशी गेली मले आठवत नाही. कॅम्पाचा दवाखाना आला, मी पडल्यासारखी उतरली, लगाम खाली सुटली. कंपाउंडर म्हणे, "आराम से बोलो बाई, कौन है, क्या हुआ," अन् माह्या तोंडून निघालं, "मोठे भाऊजी." मंग छातीवर हात ठेवून दाखवला. डॉक्टर लगेच उठले, जीप काढली. कोणी उशीर नाही केला, मी कोणाले बोल लावत नाही.

जीपनं परत आलो तवा तुमी नव्हते, नुसतं अंग होतं. पोट्टी बसून होती. तुमच्या छातीवर हात आपटून राहिली होती, खेळत. अन् तुमचा दुपट्टा तिच्या डोस्क्यावर होता, उन्हासाठी ओढलेला. सावली सरकली होती न. मी नव्हता टाकला तो दुपट्टा, भाऊजी. तो तुमच्या खांद्यावर होता.

म्हणजे मी गेल्यावर तुमी होते. सावली सरकेपर्यंत होते. पोट्टीले ऊन लागून राहिलं हे पाहण्याइतके होते.

मैनाची आठवण कोणाले संध्याकाळपर्यंत नाही आली. हे आणाले गेले त दवाखान्यापुढे लगाम जमिनीवर पडलेली अन् ती तशीच मोकळी उभी.

आत्याबाई, तुमची माय, गावाहून आल्या. मले वाटलं त्या म्हणतीन, भासऱ्याले हात लावला, उघड्या डोस्क्यानं घोडीवर बसून गावभर गेली, काय ही सून. बाया जमल्या होत्या त्याच्यासाठीच, मले त्याईच्या डोळ्यात दिसत होतं. आत्याबाई माह्याजवळ बसल्या अन् हळूच विचारलं, "बाई, त्याले पाणी पाजलं होतं का वं?"

मी म्हटलं, "नाही, आत्याबाई."

 त्या उठल्या अन् मैनाची बादली भरून तिच्यापुढे ठेवली, अन् ती पिऊन होईपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आता सगळे मले समजावतात. हे दवाखान्यात जाऊन डॉक्टरले विचारून आले, खास माह्यासाठी. डॉक्टर म्हणाले, असा झटका होता की ते दवाखान्याच्या दारात पडले असते तरी वाचले नसते, तुमच्या मिसेसनं काहीच चूक नाही केली. ह्याईनं मले हे हात धरून सांगतलं, "पाहा, तू गेली काय अन् नाही गेली काय, दादा राहणारच नव्हता. आता नोको रडू." अन् त्याईले वाटलं मले बरं वाटन. फुलबासनही तेच म्हणते. मास्तरीणबाईही तेच.

पण कोणाच्या ध्यानात येत नाही, की हेच त मले मारून राहिलं. जाण्यानं काही होणारच नव्हतं, त मी बसली असती. माठातलं पाणी आणलं असतं. डोस्कं मांडीवर घेतलं असतं, भासरे असा नाही त कोणी असा. तुमी बोलाले सुरू झाले होते, अजून काही बोलले असते. त्या कठीण गोष्टीचं उत्तरही दिलं असतं कदाचित. सावली सरकेपर्यंत वेळ होता आपल्याजवळ, अन् तो मी रस्त्यावर घालवला.

पण हे मले तवा कोण सांगणार होतं? तवा कोणालेच मालूम नव्हतं. बायाहो, तुमी हे वाचून राहिल्या, तुमच्यापैकी कितीकजणी सासरी भासऱ्यासमोर अशाच पदर घेऊन राहिल्या असतीन. जो माणूस तुमच्याशी जल्मात बोलला नाही, तो पहिल्यांदा तुमच्याकडे पाहून म्हणते, पाणी दे, जाऊ नोको. पुढे रस्ता आहे, रस्त्याच्या टोकाले डॉक्टर आहे, अन् तुमाले मालूम नाही की तो वाचणार का नाही. खरं सांगा, मले बरं वाटावं म्हणून नोका सांगू. तुमी बसल्या असत्या, का गेल्या असत्या?